मुळ्यांची शपथ

कांद्याची पात इतकी महागली की कोरियातल्या बुसान शहरातले लोक म्हणे ती सोनाराकडे तोलून घ्यायला लागले. ओकबुनने मात्र कांद्याच्या मुळ्या फेकल्या नाहीत. जुन्या डब्यांत पाणी घालून गॅलरीत ठेवल्या, तर पात अशी फोफावली की वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून हात घालून खुडून न्यायची!

तिचा नवरा दोकसू रिटायर झालेला साहेब. त्याच पातीचं सूप दोन-दोन वाट्या ओरपायचा आणि वर नाक मुरडायचा. "कचऱ्यातलं उगवून घालतेस मला? भिकारी आहे का मी?"

"मग खुर्चीवरून उठा आणि बाजारातून आणा की!"

साहेब उठले खरे, पण बाजारात गेले नाहीत. सगळे डबे त्यांनी कचऱ्यात उपडे केले.

ओकबुनने बॅग भरली. "चालले बहिणीकडे. कायमची."

आता साहेबांची गाळण उडाली. भाताचा कुकर कुठून उघडतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं त्या शहाण्याला. दार अडवून तो ओरडला, "अगं, लग्नात चारचौघांत शपथ घेतलीयस! आपल्यात सगळेच घेतात ती. काळे केस कांद्याच्या मुळ्यांसारखे पांढरे होईपर्यंत साथ सोडणार नाही म्हणून!"



ओकबुनने आपलं पांढरंशुभ्र डोकं त्याच्या नाकापुढे वाकवलं. "नीट बघा. झाले ना? मग व्हा बाजूला, संपली मुदत."