हवा खाणारं इंजिन

बेचाळीस.

पडद्यावरचा आकडा तिथेच अडून बसला होता. धुरातलं न जळलेलं पेट्रोल मोजणारा आकडा. तो तिसाच्या खाली आला तर हे इंजिन गाडीत बसणार. नाहीतर आज संध्याकाळी खोली रिकामी करायची.

इंजिनिअरनं पेट्रोल आणखी केसभर कमी केलं. इंजिन थरथरलं, सावरलं. पेट्रोल कमी, हवा भरपूर. एवढीच तिची कल्पना, आणि तिच्यापायी तिनं ऐन उमेदीची वर्षं घातली होती. धुरातले बाकीचे विषारी वायू तिनं कधीच वठणीवर आणले होते. हा एक तेवढा ऐकत नव्हता.

"ताई, पोटभर जेवायला घाला त्याला," फोरमन इंजिनाच्या आवाजावर ओरडला. "नुसती हवा खाऊन कोण सरळ चालतं?"

"तुम्ही चालता की. डबा विसरलात की दिवसभर."

ही थट्टा रोजची. आज दोघांनाही हसू आलं नाही.

रोजचं आणखी एक होतं. आकडा चुकला की इंजिन थांबवायचं. चारही प्लग काढायचे, बाकाखालच्या ट्रेमध्ये पेट्रोलात बुडवून ब्रशनं घासायचे, पुन्हा बसवायचे. आज ते इतक्यांदा झालं होतं की फोरमनची बोटं पांढरी पडली होती. ट्रे काठोकाठ. खिडकी घट्ट बंद, कारण वाऱ्यानं आकडा हलतो असा तिचा संशय.

बेचाळीस.

साहेब आले ते नाकाला रुमाल लावूनच.

फोरमननं तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. वरच्या मजल्यावरचं नाक.

साहेबांनी आकडा पाहिला. मग इंजिनाकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच बोलायला त्यांना वेळ लागला.

"कालच्यापेक्षा वाढलाय हा."

"रोज वाढतोय," ती म्हणाली. "आणि रोज आम्ही जास्त साफ करतोय."

"पुरे, मॅडम. बंद करा आता."

फोरमन पुढे झाला. तिनं त्याला हातानंच थांबवलं आणि किल्ली स्वतः फिरवली.

शांतता. मग त्या शांततेत एक बारीकशी घरघर. धूर मोजणारं यंत्र अजून चालूच होतं. ते बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

पंचावन्न.

फोरमननं डोळे चोळले.

सत्तर.

"मॅडम," साहेब रुमालाआडून म्हणाले, "बंद इंजिन धूर कसा काय सोडतंय?"

धूर कुठला आता? इंजिन थांबलं होतं. यंत्राची नळी खोलीतली हवा ओढत होती. नुसती हवा.

तिनं साहेबांच्या रुमालाकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिचं आणि फोरमनचं नाक पेट्रोलच्या वासाला कधीच मेलं होतं. या माणसाचं अजून जिवंत होतं.

ती वाकली. बाकाखाली ट्रे. ट्रेपासून वीतभरावर इंजिनाचं हवा ओढायचं तोंड.

शंभराच्या वर.

"काका," ती म्हणाली. तिनं ट्रेकडे बोट केलं. "आपण त्याला नासकी हवा चारत होतो. आणि ते बिचारं जमेल तेवढी साफ करून बाहेर सोडत होतं."

फोरमननं ट्रे उचलला, वाट चुकलेल्या पाहुण्याला दारापर्यंत पोचवावं तसा सांभाळून अंगणात नेऊन ठेवला, आणि परत येऊन खिडकीच्या कडीशी झटापट करू लागला. कडी हलेना. इंजिनिअर स्टुलावर बसली. तिला हसू आवरत नव्हतं.

साहेबांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवायला गेले आणि थांबून तो पुन्हा नाकाला लावला.

"खिडकी नंतर उघडा," ते म्हणाले. "आधी इंजिन चालू करा. या खोलीत स्वच्छ श्वास सोडणारं तेवढंच आहे."