सूर्य डोंगराआड जायच्या आत

“नाव काय तुझं?” व्हर्नाने विचारलं. अंतिम रेषा ओलांडून आलेली मुलगी तिच्या खांद्यावर कोसळलीच होती.

“जोसलिन.”

“आज वार कोणता? गाव कोणतं? न्यायला कोण आलंय?”

“रविवार. पेंटिक्टन. आई आलीय.” एवढं बोलून जोसलिनला रडूच फुटलं. “थँक्यू हं काकू. खूप खूप थँक्यू.”

व्हर्नाचेही डोळे भरून आले. ही माणसं सकाळी साडेसहाला तळ्यात उड्या घेतात, मग दिवसभर सायकल मारतात, वर अख्खी मॅरेथॉन पळतात, आणि आभार कोणाचे मानतात, तर दोन मिनिटं धरून ठेवणाऱ्या बाईचे! खरं तर आभार तिनेच मानायला हवे होते. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतो, याचं तिला मनापासून बरं वाटत होतं.

येणाऱ्या प्रत्येकाला झेलायला दोन स्वयंसेवक, हा इथला नेम. व्हर्नाची जोडीदार तिची शेजारीण डार्लीन. माणूस शुद्धीवर आहे ना हे पाहायला चार प्रश्न विचारायचे. उत्तरं बरोबर आली तर पदक आणि पीचच्या फोडी, नाहीतर डॉक्टरांचा पांढरा तंबू. व्हर्नाने तीस वर्षं नर्स म्हणून हेच प्रश्न विचारले होते. झोपेतून उठवलं तरी तिने ते घडाघडा विचारले असते.

पुढच्या गड्याने वार मंगळवार सांगितला. व्हर्ना त्याला पीचच्या टेबलाकडे घेऊन निघाली.

“अगं, तंबूत!” डार्लीन हसत म्हणाली. “आज रविवार आहे.”

“हो की. दमले बाई मीही.”

व्हर्नाच्या हातावर काळ्या शाईने ११२७ लिहिलं होतं. तो तिच्या नवऱ्याचा, लॉर्नचा क्रमांक. सकाळी स्पर्धकांच्या दंडांवर आकडे काढत होते, तेव्हा त्याने तेच पेन मागून तिच्याही हातावर काढला होता. “सगळे उन्हाने सारखेच लाल होऊन येतात,” तो म्हणाला होता. “भलत्यालाच मिठी मारशील.”

लॉर्न त्रेसष्टचा. ही स्पर्धा त्याने आठ वेळा पुरी केली होती, पण तेरा तास चाळीस मिनिटांच्या खाली कधी आला नव्हता. यंदा तर नकोच म्हणत होता. व्हर्नानेच हट्ट धरला. मग पठ्ठ्याने उन्हाळ्यातही तळघरात जागच्या जागी सायकल मारली आणि डोनटच्या दुकानात जाहीर करून टाकलं, “सूर्य डोंगराआड जायच्या आत येतो.” म्हणजे तेरा तास.

“म्हातारपणी तारुण्य फुटलंय काय रे?” दोस्तांनी टर उडवली. “सूर्य काय तुझ्यासाठी थांबणारे?”

“म्हणून तर घाई आहे,” एवढंच म्हणून लॉर्न कॉफी ढवळत बसला होता.

आता डार्लीनने हात लांब करून डोंगर आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं धरली. दोन बोटं उरली होती, म्हणजे जेमतेम अर्धा तास.

“लॉर्न नीट पोहला ना गं?” व्हर्नाने विचारलं. दुपारपासून तिसऱ्यांदा.

“पोहला. सायकलही झाली. पळतोय आता.”

“येईल ना?”

“न येऊन जातो कुठे!” डार्लीन म्हणाली, पण तिची नजर सूर्यावरून हलत नव्हती.

एक बोट उरलं. लोक येत होते, मिठ्या मारत होते. व्हर्ना हळूहळू गप्प होत गेली. एकाचं नाव तिने दोनदा विचारलं. डार्लीनने तिचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, “अकराशे सत्तावीस! लॉर्न फ्रीसन!”

लॉर्न आला. एक पाय ओढत, तोंडावर घामाचं मीठ साचलेलं, पण आला. डोंगराच्या माथ्यावर अजून उजेडाची कड होती. डार्लीन मोठ्याने रडायला लागली. दोघींनी त्याला दोन्हीकडून धरलं.

“नाव काय तुमचं?” व्हर्नाने विचारलं.

“लॉर्न. रविवार. पेंटिक्टन. बायको आलीय.” एका दमात सांगून त्याने तिचा चेहरा ओंजळीत धरला. “आता तुझी पाळी. रोजच्यासारखी. नाव?”

“व्हर्ना.”

“वार?”

तिने डार्लीनकडे पाहिलं. डार्लीनने मान फिरवली.

“असू दे. गाव?”

“इथे... तळं आहे.”

“आहे ना. छान तळं आहे.” त्याने एकदा डोंगराकडे पाहिलं. “आणि तुला न्यायला कोण आलंय?”

गेलं वर्षभर सूर्य मावळल्यावर या प्रश्नाला तिचं एकच उत्तर असे, “माझं कोणी नाही. तुम्ही कोण?”

व्हर्नाने हातावरचा आकडा पाहिला. मग तो सोडून वर, त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“लॉर्न,” ती म्हणाली. “किती वेळ लावलास रे!”