गिझरचा फ्यूज

पांडेलिसच्या घरात गिझर दिवसातून पंधराच मिनिटं चालायचा, आणि त्याचा लाल दिवा विझलाय ना, हे तो तीनदा जाऊन बघायचा. गेल्या वर्षी दोघं नवरा-बायको नातीच्या बाप्तिस्म्याला सिरोस बेटावर निघाले, तर ऐन पिरेयसच्या धक्क्यावर त्याला वाटलं, गिझर चालूच राहिला. तो घरी पळाला आणि इकडे बोट सुटली. गिझर बंदच होता. नातीला आजीचं नाव ठेवलं गेलं, तेव्हा आजी, म्हणजे त्याची बायको अर्गिरो, अथेन्समध्येच रडत बसली होती.

यंदा नातवाचा बाप्तिस्मा. निघताना अर्गिरोने गिझरचा फ्यूजच उपसून पर्समध्ये टाकला. बोटीत बसल्या बसल्या पांडेलिसचा चेहरा पडला.

"अगं, गिझर..."

"वाटलंच मला! चाळीस वर्षं कोमट पाण्याने अंघोळ करायला लावलीत, आता दोन दिवस तरी सुखाने जगू द्या. हा घ्या तुमचा फ्यूज, बसा कुरवाळत!"

भोंगा वाजला, बोटीने धक्का सोडला. पांडेलिसने चष्मा लावून फ्यूजवर आपणच टाकलेला नंबर वाचला.


"अगं, हा तर फ्रीजचा आहे."