घावातला आवाज

दगड फुटतो तेव्हा आसपासचा आवाज त्याच्या फुटल्या अंगात राहतो. इरफान तांबोळीचं यंत्र तो वाचायचं. लाखभर वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडींतून आतापर्यंत दोन खोकले आणि बोट चेचल्यावरची एक शिवी एवढंच मिळालं होतं. शिवीवर तिघांनी पीएचडी केली.

दाभाडेबाईंनी टेबलावर नवी कोरी हातकुऱ्हाड ठेवली. अश्मयुग शिकवणारे त्यांचे यजमान अंगणात बसून तशी हत्यारं घडवायचे. दिवाळीत ते गेले.

"ह्यांचा आवाज घरात कुठेच नाही हो. फोनमध्येसुद्धा सगळे दगडांचेच फोटो."

इरफानने यंत्र लावलं.

"अहो, पोळ्या गार झाल्या." टक.

"दगडाशीच लग्न करायचं होतं." टक.

चाळीस घाव ऐकून झाले.

"बाई, सगळीकडे तुम्हीच बोलताय."

"घाव घालताना हे श्वास रोखून धरायचे. बोललं की नेम चुकतो म्हणायचे." बाईंनी यंत्राकडे बोट केलं. "माझं बोलणं काढून टाकता येईल?"

"मग नुसती टकटक उरेल."

"ती ह्यांची आहे. तेवढी द्या."