आठ फेऱ्यांचे दात

“आ कर ना वं अक्का! दखाड तरी नवा दात!”

भिकुबाईने पुरणाचा गोळा हातात धरूनच फर्मान काढलं. शेवंताबाईने ओठ आणखी घट्ट मिटले. तिच्या हातावर मांडा होता, समोर चुलीवर खापर तापलं होतं. गल्लीतल्या मगनच्या मुलीचं लग्न उद्यावर आलं होतं, आणि मांडवात अठरा बाया कामाला बसल्या होत्या. भडगावच्या आसपास शेवंताबाईसारखे मांडे करणारी दुसरी बाई नव्हती. कोपरापर्यंत पसरलेला मांडा ती पालथ्या खापरावर असा टाके, की सुरकुती शोधून सापडू नये. तरी या खापरापाशी तिला आज दोन वर्षांनी बोलावणं आलं होतं.

पण दात ती दाखवणार कुठून? नवे दात नव्हतेच.

दोन वर्षं शेवंताबाईचं मन कशातच नव्हतं. ताट समोर ठेवलं तर दोन घास खायची, उचलून नेलं तर का नेलं म्हणून विचारायची नाही. तीनदा गोळ्या बदलून झाल्या. शेवटी जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता शॉक देऊन पाहू. झोपेचं इंजेक्शन देऊन, अगदी काही सेकंद. त्यांना कळणारही नाही.” मग त्यांनी शेवंताबाईचे दात एकेक करून हलवून पाहिले. शॉक देताना दातांमध्ये मऊ गादी ठेवावी लागते, म्हणून.

तिथेच मुलाला, भूपेंद्रला, युक्ती सुचली. “माय, गावमा दातच सांगू. शॉक सांगं तं लोके येडी म्हनतीन. मंग खापरजोडे कोन उभं करी तुले?”

शेवंताबाईला तेव्हा खापराचंही काही वाटत नव्हतं. ती हो म्हणाली, कारण नाही म्हणायला अंगात जोर लागतो.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी उपाशीपोटी जळगाव. हातात सुई टोचत, तीन-चार आकडे मोजायला सांगत, आणि डोळे उघडावेत तर सगळं आटोपलेलं असे. डोकं जड होई, थोडं विसरायला होई. नातवंडांची नावं आठवत, ठरवलेलं खोटं मात्र आठवत नसे. भूपेंद्रने डावा गाल धरायला सांगितलेला, ही बसमधून उतरताना उजवा धरे. एकदा तर तिने दोन्ही धरले. पाचव्या फेरीनंतर मात्र चहाचा घोट घेऊन ती एकदम म्हणाली, “साखर काय पुढला हप्ताले टाकशी?” भूपेंद्रला इतका आनंद झाला, की तो फिक्का चहा त्याने स्वतः दोन कप प्यायला.

आणि प्रत्येक फेरीनंतर समोरच्या घरातली भिकुबाई ओट्यावर हजर.

“झोपाडतस का वं?”

“झोपाडतस.”

“दुखस?”

“काहीच समजत नही.”

“आन उठल्यावर घरना मानसं वळखू येतस?”

“येतस ना!”

दातांसाठी एवढी चौकशी! शेवंताबाईला वाटे, ही बाई आपल्याला पकडायलाच बसली आहे. आणि आज तर तिने भर मांडवात विषय काढला होता.

“आठ फेऱ्या!” भिकुबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “मना सासराना बठ्ठा, बत्तीसना बत्तीस दात दोन फेरीमा बसनात!”

शेवंताबाईने मांडा खापरावर टाकला. आता तिला खापराचं वाटत होतं. फार वाटत होतं.

तेवढ्यात मगनची नाशिककडची सून पुनम पुढे आली. “मी करून बघू?” म्हणत तिने मांडा हातावर घेतला. दोन झोके बरे गेले. तिसऱ्या झोक्याला मांडा उंच उडाला आणि पुरणासकट तिच्याच डोक्यावर बसला, दोन्ही कानांवरून खाली लोंबत, थेट पदरासारखा. पुनम हात पसरून तशीच उभी.

“आई,” ती सासूला म्हणाली, “मला काही दिसत नाहीये.”

शेवंताबाईचं आधी पोट हललं, मग खांदे हलले, आणि मग तोंड जे उघडलं ते मिटेचना. ती हसत सुटली. दोन वर्षांचं साचलेलं हसणं ते, आवरणार कसं?

भान आलं तेव्हा बाकीच्या बाया हसायच्या थांबल्या होत्या. सगळ्याजणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मिश्रीने काळे पडलेले तेच जुने दात, आणि वरच्या ओळीतली तीच जुनी खिंड.

शेवंताबाईने खापराकडे पाहिलं. आता उठावं लागणार, ती मनाशी म्हणाली.

भिकुबाई उठली. शेवंताबाईची हनुवटी धरून तिने नीट पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग बायांकडे वळून म्हणाली,

“वा रे डाक्टर! कसा हुबेहूब बसाडात! मिश्रीसुद्धा लाईसनी दिन्ही!”

मांडवात एकच हशा उसळला. दातांचा विषय संपला. मगनची बायको लताबाई ओरडली, “खापर जळी ऱ्हायनं, मांडा टाका!” आणि सगळ्याजणी कामाला लागल्या.

भिकुबाई मात्र जागेवर गेली नाही. ती शेवंताबाईच्या शेजारीच टेकली आणि पुरण मळू लागली. ते मळून कधीच झालं होतं, तरी मळत राहिली. मान वर न करता, हळू आवाजात ती म्हणाली,

“अक्का, तठला, जळगावना पत्ता दे माले. मना दात बठ्ठा धड शेतस.”