कॅन्ससचा तुकडा

आजोबांना हॉस्पिटलमधून बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवशी तिची सुई गोधडीतच टोचलेली राहिली. नात अन्वीच्या शाळेसाठी ती जुन्या साड्यांतून यादवी युद्धाआधीच्या अमेरिकेचा नकाशा शिवत होती, गुलामगिरीची राज्यं लाल, बाकीची हिरवी. महिन्याने अन्वीने गोधडी आजोबांपुढे पसरली. "पश्चिमेला नवा प्रदेश जोडला, की तिथे गुलाम ठेवायचे का, यावरून दरवेळी भांडण पेटायचं." "आपल्या घराचं मागचं एक्स्टेन्शन बांधताना आजीचं नि माझंही पेटलं होतं!" "आजोबा! तिथे माणसं विकायचे!" ते ओशाळले. "बरं, हे भोक कसलं?" "कॅन्सस. तिथे रक्त सांडलं, शेवटी गुलामगिरी हरली. पण हिरवं कापड संपलंय. लाल लावू?" "खोटं शिवलं, तर आजी कान धरेल!" आजोबा हसत वरच्या खोलीत गेले आणि आजीचा लग्नातला हिरवा शालू घेऊन आले. शालू टेबलावर आहे. कात्री अजून चालवायची आहे.