चढावरची ओवी

"वळण आलं," सुलेखा म्हणाली. "आता खरा चढ. गिअर जड केलास ना? फसवू नकोस हं, निशी."

"केला गं." निशिकांतच्या मांड्या भरून आल्या. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. घाम नाकाच्या शेंड्यावरून हँडलवर टपटपत होता.

त्या एप्रिलात सार्सच्या धास्तीनं सगळं सिंगापूर दारं लावून बसलं होतं. एरवी रविवारी माउंट फेबरच्या चढणीवर सायकलवाल्यांची रीघ असायची. आज माणसाची चाहूल नव्हती. रेनट्रीच्या कमानीखालून रस्ता वर वर जात होता, आणि वाट सांगायला, नेहमीसारखीच, सुलेखा होती.

जूनमध्ये दोघांना मलाक्का गाठायचं होतं. सायकलनं, एकत्र. पण तिनं बजावलं होतं, "फेबर न थांबता पार झाला, तरच मी येणार." काल अर्ध्या चढावर तिनं सोडून दिलं, आणि तेव्हापासून निशिकांतच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

चढाचा त्यांचा एक रिवाज होता, लग्नानंतरच्या पहिल्या सायकलफेरीपासूनचा. प्रत्येक वळणाला एकानं ओवीची ओळ टाकायची, दुसऱ्यानं ती पुरी करायची. ज्याचा दम ओवीला पुरला नाही, त्यानं हरलो म्हणून उतरायचं.

सुलेखानं ओळ टाकली, तुकड्यातुकड्यानं. "डोंगराच्या वाटं... ऊन लागतं... कपाळी..."

"सखी माझी पुढं चाले, तिची मजवरी सावली!"

"वा रे शाहीर!" हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

"थांबायचं का?"

"तूच दमलायस. माझं निमित्त नको. पाय मार, गाढवा."

तिचा धाप लागलेला श्वास अगदी त्याच्या कानाशी ऐकू येत होता.

"शेवटचं वळण," ती म्हणाली. "उजवीकडे केबल कारच्या तारा. आता तू टाक."

"चढ चढता चढता, पाय माझा गं थकला..."

सुलेखाचा नुसता श्वास, आणि चाकाची घरघर. निशिकांत पायडल रेटत राहिला, जणू त्याच्या पायांनीच तिला दम पुरणार होता.

"उतरू नकोस," तो म्हणाला. "सुलू, उतरू नकोस गं."

किती तरी वेळानं तिचा आवाज आला. "मागं वळून पाहते... सखा... नाही मी टाकला."

"पोचलो!" तो ओरडला. "माथा आला! समुद्र दिसतोय?"

"दिसतोय की. बाटम बेटाची फेरीबोट निघालीय. भोंगा ऐक."

त्यानं कान दिला. भोंगा नव्हता, कसलीशी बारीक टिं टिं तेवढी होती.

"मलाक्का?" त्यानं विचारलं.

"येणार."

मग तिसराच, कुणा नर्सचा आवाज आला. "सर, इनफ ला. शी नीड्स द ऑक्सिजन."

आणि फोन बंद झाला.

दाराबाहेर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवला, बेल वाजवली आणि लगबगीनं निघून गेलं. निशिकांत खाली उतरला. त्यानं हात सोडले तरी सायकल पडली नाही. हॉलच्या मधोमध, लोखंडी स्टँडवर, तिचं मागचं चाक जागच्या जागी फिरत राहिलं.